गोल खांद्यांचा जुना फ्रिज पुन्हा चालता करायचा तर

जुन्या फ्रिजचे मी दोन भाग धरते. पहिला म्हणजे गॅस ज्यातून फिरतो ती बंद वाट: कॉम्प्रेसर, मागची तापणारी जाळी, बारीक भोकाची कॅपिलरी आणि आत बर्फ धरणारा इव्हॅपोरेटर. कारखान्यात ही वाट एकदा झाळून बंद केली, ती पुन्हा न उघडण्यासाठीच. दुसरा भाग म्हणजे उरलेलं सगळं: पत्रा, रंग, रबर, वायरी, बिजागऱ्या, मूठ, दिवा, कप्पे, भिंतींत भरलेलं लोकरीसारखं इन्सुलेशन. माझा नियम सोपा आहे. पहिला भाग शाबूत असेल तरच फ्रिज घ्यायचा आणि ती वाट उघडायची नाही. दुसऱ्या भागाचा मात्र स्क्रू न् स्क्रू सोडवायचा.

मी मोटर रिवाइंडिंगच्या कामातून इकडे आले, म्हणून मला पहिल्यापासून ओढ होती ती कॉम्प्रेसरची. 1950 च्या आसपासचा हर्मेटिक कॉम्प्रेसर अजून चालतो यात चमत्कार काही नाही. मोटर आणि पंप एकाच पोलादी डब्यात, तेलात बसलेले असतात. बाहेर येणारा शाफ्ट नाही, त्यामुळे झिजून गळणारं सील नाही. आत हवा नाही, ओल नाही, म्हणून गंज नाही. पण ही वाट एकदा कापली, की हे संरक्षण संपतं. थोडी जरी ओल आत राहिली तरी ती कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते, तेल आणि गॅसबरोबर मिळून आम्ल तयार करते आणि ते आम्ल वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या गुंडाळीचं, इन्सुलेशन खात जातं. सत्तर वर्षं टिकलेलं यंत्र हौशी हातांनी दोन वर्षांत संपतं ते असं.

कुठल्या काळातला घ्यावा

पहिला फ्रिज घेणाऱ्याला मी 1947 ते 1957 या दशकातला, एका दाराचा, हातानं बर्फ वितळवायचा फ्रिज सुचवते. त्यात पंखा नाही, टायमर नाही, बर्फ वितळवणारा हीटर नाही. कॉम्प्रेसर, थर्मोस्टॅट, मोटर सुरू करून देणारा रिले, करंट वाढला की वीज तोडणारा ओव्हरलोड आणि दिवा, एवढीच वीज. बिघडायला जागाच कमी. वीजही हे फ्रिज लोकांना वाटते तेवढी खात नाहीत. खरे खादाड निघाले ते नंतरचे, 1970 च्या दशकातले मोठे, आपोआप बर्फ वितळवणारे.

त्या काळातली नावं ओळखीची करून घ्या: फ्रिजिडेअर, जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस, केल्विनेटर, फिल्को, क्रॉस्ली, सिअर्सचा कोल्डस्पॉट. ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टरसुद्धा 1947 ते 1955 पर्यंत फ्रिज बनवत होती, आणि त्यांचा पत्रा हाताला लागला की जाडपणा जाणवतो. डिझायनर रेमंड लोवीनं 1935 मध्ये कोल्डस्पॉट सुपर सिक्सला रूप दिलं, तेव्हापासून फ्रिजनं स्वयंपाकघरात दिसायलाही चांगलं असावं हा विचार रुजला. क्रॉस्लीनं दाराच्या आत कप्पे दिले ते 1933 च्या शेल्व्हाडोरमध्ये. आज त्याशिवाय फ्रिज डोळ्यांसमोर येत नाही. 1957 मध्ये फ्रिजिडेअरनं ‘शीअर लुक’ आणला, चौकोनी धारदार कडांचा, आणि गोल खांद्यांचे दिवस सरत गेले. एखाद्या फ्रिजचं वर्ष सांगता येत नसेल तर आधी खांदे बघा, मग दाराचा खटका.

1927 चा जनरल इलेक्ट्रिकचा मॉनिटर टॉप, डोक्यावर गोल कॉम्प्रेसर मिरवणारा, मलाही फार आवडतो. पण ती पहिली खरेदी नव्हे. कारण त्यातला गॅस.

पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका

प्रत्येक फ्रिजवर धातूची पाटी असते, बहुधा आतल्या भिंतीवर किंवा खालच्या झाकणामागे. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन, व्होल्टेज, हर्ट्झ आणि अँपिअर असतात. खरेदीच्या वेळी मी आधी तिथे टॉर्च मारते.

फ्रिऑन-12, एफ-12 किंवा आर-12 लिहिलेलं असेल तर हातात सर्वसाधारण यंत्र आहे. हा गॅस 1928 मध्ये टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्याआधीचे गॅस विषारी होते आणि मिथाइल क्लोराइड गळून माणसं दगावत होती, म्हणून हा शोध. माणसाला तो त्रास देत नाही, पण ओझोनच्या थराला देतो. म्हणूनच 1987 च्या मॉन्ट्रिअल कराराखाली त्याचं उत्पादन थांबत गेलं. वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून जास्त पट आहे. म्हणजे एका फ्रिजमधला पाव किलो गॅस हवेत सोडणं हे अडीच टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. नळी कापून फुस्स करणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. अनेक देशांत तो गुन्हाही आहे. गॅस काढायचा असेल तर परवानाधारक तंत्रज्ञ यंत्र लावून टाकीत ओढून घेतो, दुसरा मार्ग नाही.

फ्रिजिडेअरच्या काही जुन्या रोटरी कॉम्प्रेसरमध्ये एफ-114 असतो. त्याचा दाब फारच कमी. दुसरा गॅस भरून चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सल्फर डायऑक्साइड असेल तर सावध राहा. मॉनिटर टॉपमध्ये आणि 1930 च्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांत तो होता. काडी विझल्यावर येतो तसा उग्र, घशात बसणारा वास येतो. हा वास आला तर फ्रिज हलवायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि दारं-खिडक्या उघडायच्या. बंद वाटेत तो असेपर्यंत यंत्र सुखरूप चालतं. त्यात ओल शिरली की सल्फ्युरस आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर आतून जाम होतो. मिथाइल क्लोराइड त्याहून फसवा: वास मंद गोडसर, विषारी आणि ज्वलनशील. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग झाला की हवेत आपोआप पेट घेणारी संयुगं होतात. असं यंत्र मी संग्रहासाठीसुद्धा घरात ठेवत नाही.

एका प्रकारापासून पूर्ण लांब राहा: ज्योतीवर चालणारे सर्व्हेलचे गॅस फ्रिज. 1922 मध्ये स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेलं ते तंत्र आहे, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवर चालणारं, आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. मला ते तंत्र अतिशय सुंदर वाटतं. पण 1933 ते 1957 मधल्या सर्व्हेल फ्रिजांच्या बर्नरमध्ये काजळी साचली की कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो. त्यानं मृत्यू झाले आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला ते वापरू नका असा जाहीर इशारा द्यावा लागला. बघायला ठेवा, पेटवू नका.

पाटीवरचं व्होल्टेजही वाचा. बहुतेक अमेरिकी फ्रिज 115 व्होल्ट, 60 हर्ट्झचे. तुमच्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. 60 हर्ट्झची मोटर 50 वर सहाव्या हिश्शानं हळू फिरते, आणि पूर्ण 115 व्होल्ट दिले तर तिचा गाभा जास्त तापतो. व्होल्ट आणि हर्ट्झचं गुणोत्तर राखायचं, म्हणजे 96 व्होल्टच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर निवडताना चालतानाचा करंट बघू नका, सुरू होतानाचा बघा. तो कित्येक पट असतो.

विकत घेताना काय बघायचं

‘बंद आहे, पण गॅस भरला की चालेल’ या वाक्यावर मी परत फिरते. गॅस संपला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती म्हणजे ती वाट आधीच उघडी पडली आहे. गंजलेलं दार, तुटलेली मूठ, फाटलेलं रबर, हे सगळं मला चालतं. थंड न होणारा इव्हॅपोरेटर चालत नाही.

वायर धड असेल तरच विकणाऱ्याला तो चालवून दाखवायला सांगा, आणि घाई करू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना हलका हुंकार आणि मग संथ घरघर यायला हवी. काही सेकंद गुणगुण आणि ‘टक्’ करून बंद, थोड्या वेळानं पुन्हा तेच, असं होत असेल तर ओव्हरलोड तोडतोय. कारण रिले असू शकतं, कमी व्होल्टेज असू शकतं किंवा जाम झालेला कॉम्प्रेसर. पहिली दोन सुधारतात, तिसरं नाही. चालू फ्रिज बंद केला तर पाच मिनिटं थांबूनच पुन्हा लावा. दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर चांगला कॉम्प्रेसरही अडतो.

तासाभरानं इव्हॅपोरेटर बघा. त्यावर सगळीकडे सारखा पांढरा थर आला पाहिजे. कॅपिलरी जिथे आत शिरते त्या टोकाला बर्फ आणि पुढचा भाग नुसता ओला किंवा कोरडा असेल तर गॅस कमी आहे. मागच्या जाळीला हात लावा, ती वरपासून खालपर्यंत कोमट हवी. मग टॉर्च घेऊन प्रत्येक झाळलेला सांधा बघा. धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर तिथून गॅस गेला आहे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. बर्फाच्या कप्प्यावर सुरीचे ओरखडे किंवा एम-सीलचा गोळा दिसला तरी मी नाही म्हणते.

उचलण्याआधी खटका

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या फ्रिजचं दार यांत्रिक खटक्यानं बंद होतं आणि आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना मुलं आत शिरली आणि गुदमरून गेली, असं पुन्हा पुन्हा घडलं. म्हणून 1956 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, आणि 30 ऑक्टोबर 1958 नंतर बनलेल्या घरगुती फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता येणं सक्तीचं झालं. आजच्या फ्रिजमधली चुंबकाची रबरपट्टी यानंतरच सगळीकडे पसरली. त्याआधीचा फ्रिज तुमच्या आवारात आला की त्याच दिवशी खटका ज्यात अडकतो ती पट्टी, म्हणजे स्ट्राइक, काढा. दोनच स्क्रू असतात. काम महिनोन् महिने चालणार असेल तर दारच उतरवून ठेवा. दोरी किंवा चिकटपट्टीवर विसंबू नका.

चालता झाल्यावर घरात लहान मुलं असतील तर मूळ खटका कापडात गुंडाळून जपून ठेवा आणि दाराला चुंबकी कॅच बसवा. त्या खटक्याचा घट्ट, तेलातला आवाज मला फार प्रिय आहे. तरीही मी हेच सांगेन.

नेताना फ्रिज उभाच न्यायचा. कॉम्प्रेसर आत स्प्रिंगवर तरंगतो आणि तळाशी तेल असतं. आडवा केला तर तेल नळ्यांत चढतं, स्प्रिंग निसटते. वाटेत आडवा झालाच असेल तर किमान एक दिवस उभा ठेवून मग वीज द्या. काही यंत्रांना वाहतुकीचे बोल्ट असतात. नेताना ते कसायचे आणि जागेवर आल्यावर सैल करायचे, नाहीतर पूर्ण फ्रिज थरथरतो.

वीज

सत्तर वर्षांचं रबर वायरीवरून पिठासारखं गळतं. बाहेरचं सुती वेष्टन शाबूत दिसतं आणि आत तांबं उघडं असतं. म्हणून माझ्याकडे प्रत्येक फ्रिजची मुख्य वायर, दिव्याची वायर आणि थर्मोस्टॅटपर्यंतची वायर बदलली जाते, दिसायला कितीही चांगली असो. मूळ प्लग दोन पिनांचा. मी तीन पिनांची वायर लावते आणि अर्थिंगची हिरवी तार रंग खरवडलेल्या शुद्ध पत्र्यावर, दातेरी वॉशरखाली आवळते. हा बदल मूळपणाला बाधा आणतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही आणि अर्थिंगशिवाय फ्रिज देतही नाही.

कॉम्प्रेसरची तपासणी ही माझ्या हातची गोष्ट. प्लग काढून, रिले आणि ओव्हरलोड उतरवून तीन पिना उघड्या करा. मल्टीमीटरनं प्रत्येक जोडी मोजा. सर्वांत कमी रोध रन वाइंडिंगचा (मोटर सतत चालवणारी गुंडाळी), त्याहून जास्त स्टार्टचा (फक्त सुरू होताना लागणारी), आणि रन-स्टार्ट यांमधला रोध या दोघांच्या बेरजेइतका. समजा 4 आणि 16 ओहम आले, तर तिसरं 20 यायला हवं. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंगमध्ये दोष आहे. मग प्रत्येक पिन आणि डबा यांमध्ये 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, बघा. कितीतरी मेगओहम दिसले तर उत्तम. एक मेगओहमच्या खाली आलं तर थांबा. यंत्र थंड आणि दमट जागी होतं का ते बघा, पिना पुसून कोरड्या करा, पुन्हा मोजा.

रिले बसवताना त्याची दिशा आधी फोटोत टिपून घ्या. करंट रिलेमधला दांडा कॉइलनं वर ओढला जातो आणि स्वतःच्या वजनानं खाली येतो. उलटा लावला तर संपर्क जुळूनच राहतो आणि स्टार्ट वाइंडिंग थोड्या वेळात जळतं. काही यंत्रांना स्टार्टिंग कपॅसिटर असतो. तो 1970 च्या दशकाच्या अखेरीआधीचा असेल तर त्यातल्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असण्याची शक्यता धरा. उघडू नका, फोडू नका, पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या आणि त्याच मूल्याचा नवा लावा.

थर्मोस्टॅट बहुधा चांगला निघतो. त्याची बारीक नळी न वाकवता टोक मिठाच्या बर्फपाण्यात बुडवा, संपर्क सुटल्याचा ‘टक्’ आला पाहिजे. बाहेर काढून कोमट झालं की पुन्हा ‘टक्’. परत बसवताना ते टोक इव्हॅपोरेटरला घट्ट चिकटलेलं हवं. सैल राहिलं तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि लोक उगाच गॅसवर संशय घेतात.

दिव्याचं बटणही बघा. फोनवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा, दार लावा, उघडा. दिवा विझत नसेल तर तो बल्ब दिवसभर आत उष्णता ओतत राहतो.

भिंतींच्या आत

आतला पांढरा डबा आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधली फट झाकणाऱ्या पट्ट्या, ब्रेकर स्ट्रिप, हा पहिला अडथळा. त्या जुन्या प्लॅस्टिकच्या किंवा बेकेलाइटच्या असतात आणि थंडीत हात लावताच तुटतात. केस वाळवायच्या ड्रायरनं कोमट करा, मध्यापासून हलकेच सोडवा, कोपरे शेवटी. तुटलेली पट्टी नंतर हुबेहूब मिळवणं रंगकामापेक्षा अवघड असतं.

पट्टीमागे काचलोकर किंवा दगडलोकर दिसेल. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि चांगला मास्क हवाच. हीटर किंवा गरम भागांजवळ राखाडी तक्त्यासारखं काही दिसलं तर ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका. बाहेरच्या पत्र्याचे सांधे मुळात डांबरासारख्या लेपानं बंद केलेले असतात, कारण ओल गरम बाजूनं, म्हणजे बाहेरून आत येते. तो लेप तडकला की लोकर भिजते, खाली बसते, वरचा भाग पोकळ राहतो आणि तळ गंजतो. फ्रिजच्या बाहेरच्या अंगावर ठरावीक जागी घाम येत असेल तर आत हेच झालेलं असतं. न जाणारा कुबट वासही बहुतेक वेळा तिथूनच येतो. सोडा आणि कोळसा ठेवून तो दबतो, संपत नाही.

भिजलेली लोकर काढून तेवढ्याच जाडीची नवी भरा. ठोसून भरू नका, तिच्यातली स्थिर हवाच उष्णता अडवते. बाहेरचे सांधे ब्यूटाइल पट्टीनं बंद करा. फुगणारा फोम मारायचा मोह टाळा. तो पत्रा फुगवतो, नळ्यांना कायमचा चिकटतो, आणि मग गॅसच्या बंद वाटेचं युनिट कधीही बाहेर काढता येत नाही.

युनिट बाहेर काढण्याबद्दल सांगायलाच हवं. बऱ्याच फ्रिजांत कॉम्प्रेसर, जाळी आणि इव्हॅपोरेटर हे सगळं एकसंध, एकही नळी न कापता, मागच्या झाकणातून किंवा दारातून निघतं. हे शक्य असेल तरच शेल, म्हणजे फ्रिजचा रिकामा सांगाडा, पूर्ण मोकळं करून रंगवा. दोन माणसं लागतात: एक कॉम्प्रेसर धरतो, दुसरा इव्हॅपोरेटर. दोघांमधलं अंतर एक इंचही बदलू द्यायचं नाही. मी आधी लाकडी चौकट बनवते आणि दोन्ही टोकं तिला बांधते. नळीला एकदा चपटा वळसा पडला की सत्तर वर्षांची बंद वाट तुम्ही स्वतःच संपवली.

पत्रा आणि रंग

जुन्या रंगात शिसं असतं असं धरूनच चला. कोरडा घासू नका. ओला वॉटर पेपर, चांगला फिल्टर मास्क, खाली प्लॅस्टिक, आणि धुतलेलं पाणी साठवून वेगळं. वाळूचा मारा सपाट पत्र्याला तापवून लाटा आणतो, शिवाय वाळू कुठे शिरेल सांगता येत नाही. भट्टीत भाजायच्या पावडर कोटिंगसाठी 180-200 अंश लागतात. युनिट आत असलेला फ्रिज त्या भट्टीत कधीही घालू नका, बंद वाटेतला दाब भयंकर वाढेल.

गंज दाराच्या खालच्या कडेला, रबराच्या मागे आणि पायांपाशी असतो. आरपार झाला असेल तर कापून नवा पत्रा जोडा. पुट्टीनं भरलेलं भोक दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतं. स्वच्छ पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, मग गाडीचा रंग. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करतात, साधा मास्क पुरत नाही. ते काम मी गाड्या रंगवणाऱ्यांच्या बंद बूथमध्ये देते. मूळ छटा हवी असेल तर बिजागरीखाली किंवा नावाच्या चिन्हामागे बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. पांढरा म्हणून विकलेला फ्रिज तिथे कधी कधी फिकट पिवळा किंवा निळसर निघतो.

आतल्या डब्याचं काचेसारखं पोर्सिलेन एनॅमल मात्र रंगवायचं नाही आणि घासायचंही नाही. कोमट पाणी, सोडा, मऊ कापड, एवढंच. लिंबू आणि व्हिनेगर नको. सगळंच एनॅमल आम्लाला टिकणारं नसतं, आणि गेलेली चकाकी परत येत नाही. मुठी आणि चिन्हं जस्ताच्या ओतीव धातूची असतात. क्रोमखाली फोड आले असतील तर ते सगळ्यांनाच पुन्हा चढवता येत नाहीत. आम्लात जुना क्रोम काढताना जस्तच विरघळतं. जस्तावर काम केलेला कारागीर शोधा. प्लॅस्टिकच्या चिन्हांना मागून रंग दिलेला असतो, त्यांना थिनर किंवा ॲसिटोन दाखवूसुद्धा नका.

रबर आणि दार

नवं रबर घेण्याआधी जुन्याचा आडवा छेद कागदावर ठेवून बाहेरची रेघ काढा आणि जाडी, पोकळी, ओठ मोजा. पोकळ रबर जुळत नसेल तर थोडं मऊ घ्या. कडक रबरानं दार लागतच नाही आणि लोक खटका ओढून ताणून मोडतात. रबर धरणारे स्क्रू दाराच्या आतल्या तक्त्यालाही धरतात, आणि तो तक्ताच दाराला ताठ ठेवतो. सगळे एकदम काढले तर दार पिळतं. एक बाजू सैल करा, रबर सरकवा, हलके आवळा, पुढे जा. सगळे बसले की दार लावून बघा, पिळलेला कोपरा हातानं दाबून धरा आणि मग स्क्रू पक्के करा. शेवटी कागदाची पट्टी दारात धरून चहूकडे ओढा. जिथे ती अलगद निघते तिथून थंडी जाते. अंधारात आत टॉर्च ठेवली तरी फट दिसते.

वापरताना

रिकामा फ्रिज पूर्ण दिवस चालवा. मधल्या कप्प्यावर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा, हवेत नको, कारण दार उघडताच हवेचं तापमान बदलतं. पाणी 4 अंशांच्या आत आलं आणि कॉम्प्रेसर मधूनमधून थांबायला लागला की यंत्र तयार आहे. वरच्या बर्फाच्या छोट्या कप्प्याकडून उणे 18 ची अपेक्षा ठेवू नका. तो बर्फ करण्यासाठी आहे, महिनोन् महिने मांस साठवण्यासाठी नाही.

बर्फाचा थर सहा मिलीमीटर झाला की फ्रिज बंद करा, कोमट पाण्याचं भांडं आत ठेवा, वाट बघा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, कोणतीही धार नको. इव्हॅपोरेटरला पडलेलं सुईएवढं भोक म्हणजे गॅस बाहेर आणि ओल आत. आर-12 च्या जागी आर-134ए भरून देतो असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, जुनं खनिज तेल त्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. ज्वलनशील आर-600ए भरणं त्याहून वाईट, कारण त्या काळातल्या थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी बंद डब्याच्या आतच पडते.

वाचवता न येणारा फ्रिजही उपयोगाचा असतो. त्याचा गॅस आधी तंत्रज्ञाकडून काढून घ्या. मग मूठ, खटका, बिजागऱ्या, ब्रेकर स्ट्रिप, काचेचे कप्पे, भाजीचा खण, पाटी, दिव्याचं होल्डर, इतकंच काय प्रत्येक विचित्र लांबीचा स्क्रू, हे सगळं काढून मॉडेल क्रमांकाच्या चिठ्ठीसह वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. काच उभी ठेवा, आडवी नको. उरलेलं शेल भंगारात देताना दार त्याच्यापासून वेगळं केलेलंच असू द्या.